काजळी काढायची, धातू नाही

मागच्या वेळी आपण विचारलं होतं, की वस्तूचं ‘मूळपण’ नेमकं कशात असतं? आज हाच प्रश्न एका यंत्रावर घासून बघू.

होडीच्या मागे लावायची आउटबोर्ड मोटर. ओले एव्हिनरूड यांनी ती अमेरिकेत मिलवॉकीला १९०९ साली विकायला काढली. या जुन्या मोटरी बहुतेक टू-स्ट्रोक, म्हणजे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. १९५०च्या दशकातल्या बऱ्याच मोटरींना २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल लागे. ते पुरतं जळत नाही, विशेषतः मोटर तासन्‌तास संथ चालवली तर. मग काजळी धरते: पिस्टनच्या माथ्यावर, हेडमध्ये, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि रिंगच्या खाचेत.

ही शेवटची जागा सगळ्यात घातक. रिंग खाचेत मोकळी असेल तरच ती सिलिंडरला नीट टेकते. ती अडकली की दाब निसटतो, तापलेला वायू पिस्टनच्या कडेने उतरतो आणि पिस्टन ओरबाडला जातो.

मी स्वतः पहिल्यांदा काय केलं, सांगू? अडकलेली रिंग स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली. रिंग मोडलीच, खाचेची कडही उडाली. इतकी वर्षं टिकलेला पिस्टन मी दोन मिनिटांत घालवला. काजळीने नव्हे, मी!

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी स्पार्क प्लगच्या भोकातून कार्बन सोडवणारं द्रावण टाका, रात्रभर मुरू द्या. दोरी जोराने ओढू नका. हेड काढल्यावर खरवडायला लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. ॲल्युमिनियम मऊ असतं, पोलादाने चरे पडतात. कॉस्टिक सोडा तर लांबच ठेवा, तो ॲल्युमिनियमच खातो. खाच साफ करायला जुन्या मोडक्या रिंगचा तुकडा चालतो, पण हलक्या हाताने. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला खाचेत बहुधा बारीक खुंटी असते. रिंग बसवताना तिची दोन्ही टोकं खुंटीपाशीच आली पाहिजेत. शेवटी सुटलेला कण न् कण पुसून काढा.

आणि माथा आरशासारखा चमकवायचा हट्ट नको. थोडा काळसरपणा राहिला तर मोटरचं काही अडत नाही.

साचलेलं कुठे संपतं आणि मूळ कुठे सुरू होतं, हे इथे व्याख्येने ठरत नाही. पट्टीखालचा आवाज बदलतो, हाताला कळतं. तिथे थांबायचं.