विरंगुळ्याची ड्यूटी

सव्वाआठ. मी पोचते तेव्हा मावशींनी फरशी पुसून घेतलेली असते, आणि माझं पहिलं काम ती नीट वाळली आहे का ते बघणं. मग खुर्च्या. कोथरूडमधलं आमचं विरंगुळा केंद्र म्हणजे एक लांबट हॉल, मागे पँट्री आणि दोन स्वच्छतागृहं. येणारी मंडळी सत्तरीच्या पुढची. त्यांना हात असलेली, जड खुर्ची लागते. हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठताना माणूस एका बाजूला भार टाकतो आणि खुर्चीच उलटते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या खुर्च्या मी पंख्यापासून लांब मांडते. पंख्याची घरघर यंत्रातूनही कानात जाते, माझा आवाज मात्र जात नाही.

माझ्या आईच्या मते मी रोज पत्ते खेळायला जाते आणि वर त्याचे पैसे घेते. तसं तिचं फार चुकत नाही.

साडेनऊ. व्यायाम, बसूनच. घोटे, मनगटं, मान, खांदे. उभं राहायचं असेल तेव्हा आधी काठावर सरकायचं, उठायचं, आणि पाऊल टाकण्याआधी मनात दहा आकडे मोजायचे. वय झालं की उठल्याबरोबर रक्तदाब खाली येऊ शकतो, भोवळ येते, आणि पडणं या वयात फार महागात जातं. त्यानंतर पाणी. म्हातारपणी तहान कमी जाणवते हे एक. दुसरं म्हणजे वारंवार जावं लागेल म्हणून मंडळी मुद्दाम पाणी पीत नाहीत. त्यांना पाण्याचा आग्रह करायचा, तर आधी स्वच्छतागृहाजवळची वाट मोकळी हवी आणि दर तासाला सगळ्यांचीच सुट्टी हवी, म्हणजे एकट्याला उठल्यासारखं वाटत नाही.

साडेदहा. हाऊजी. दिवसातला माझा सगळ्यात आवडता तास, म्हणून इथे थोडं रेंगाळते.

बाजारातलं तिकीट आमच्या उपयोगाचं नाही. २७ घरं, त्यांत १५ आकडे, ते मुंगीएवढे. मी एका कागदावर एकच तिकीट मोठ्या ठशात छापून आणते. पेनने खोडायचं तर कापऱ्या हाताची पंचाईत होते. चिंचोके वापरून पाहिले, ते घरंगळले. आता बाटल्यांची टोपणं वापरतो. पिशवीतून आकडा काढायचं काम एसटीतून निवृत्त झालेल्या काकांकडे. त्यांना स्मृतिभ्रंश आहे. तिकीट हाती दिलं तर मागचा आकडा झाकला की नाही यातच ते अडकतात आणि चिडतात. आकडा समोर बघून वाचायला मात्र काही आठवावं लागत नाही. आवाज खणखणीत आहे, सगळा हॉल त्यांच्याकडे बघत असतो, आणि त्यांना काय जमत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या कामाचं कसब विचाराल तर एवढंच: कुणाची उणीव उघडी न पडता खेळ रंगला पाहिजे.

आमचे आकडे म्हणजे सालं. ४७ ला स्वातंत्र्य, ६० ला महाराष्ट्र, ७५ ला आणीबाणी. ५८ ला सगळे सरकारी नोकर एका सुरात "रिटायर!" म्हणतात. ८३ निघाला की पुरुष मंडळी दोन मिनिटं लॉर्ड्सवर असतात. ६७ ला कोयनेचा भूकंप, आणि ६१ निघाला की खेळ संपल्यातच जमा. एक काकू १२ जुलै १९६१ ला शाळकरी होत्या. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि त्या आईचा हात धरून पर्वतीकडे पळाल्या. पाणी कुठपर्यंत चढलं यावरून त्यांचं आणि शनिवार पेठेतल्या एका काकांचं दर वेळी वाजतं. मी मध्ये पडत नाही. फक्त एका डावात दोनच गोष्टी असा नियम केलाय, नाहीतर जेवायची वेळ टळते.

साडेबारा. डबे. कुणाच्या डब्यात काय हे सगळे बघतात, मीही बघते; डबा तसाच परत चालला तर घरी फोन करावा लागतो.

दीड. मंडळी आरामखुर्च्यांत डुलक्या घेतात आणि मी वही लिहिते. समाजकार्याचं शिक्षण घेणारी एक मुलगी फील्डवर्कला आली आहे. तिने विचारलं, "ताई, यात करिअर करायचं तर नक्की कुठली पदवी घ्यायची?" एकच अशी पदवी सांगता येत नाही. समाजकार्य, मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण, नाट्य, संगीत, अशा कुठल्याही दाराने लोक इथे येतात. प्रथमोपचार मात्र शिकलेच पाहिजेत. शिवाय पेटीवर चार गाणी वाजवता आली तर सोन्याहून पिवळं. पगाराचं तिला स्पष्ट सांगितलं: सुरुवातीला थोडाच असतो, आणि "कसलं काम?" हे नातेवाइकांना समजावण्यात बरीच वर्षं जातात. दिवाळी, गणपती, दसरा हे आमचे सर्वांत कामाचे दिवस, तेव्हा सुट्टीची आशा धरू नकोस. ती अजून येते आहे.

तीन. कॅरम. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी, इथवर सगळं नियमाप्रमाणे. एकदा बसल्यावर खुर्ची हलवायची नाही हा स्पर्धेतला नियम मी गुंडाळून ठेवलाय. ज्यांचा खांदा वळत नाही ते खुशाल सरकून बसतात. पण राणी घेतल्यावर कव्हर लागतंच. तिथे सूट दिली तर बँकेतले काका खेळ सोडून जातील. सवलत कुठे द्यायची आणि कुठे नाही हे कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. दयेने जिंकवलेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

चार. चहा, मग गाणी. सगळी मूळ सुरापेक्षा दोन पट्ट्या खाली. वयाबरोबर आवाज उतरतो. वरच्या पट्टीत सुरू केलं की अर्धे लोक अंतऱ्याला गप्प होतात आणि त्यांना वाटतं आपलं गाणं गेलं.

सव्वापाच. रिक्षा, जावई, सुना. प्रत्येकाचा चष्मा, कवळीची डबी, काठी तपासून द्यायची.

साडेपाच. उद्याची तयारी. उद्या मेंढीकोट. चार जणांचा, जोडीचा खेळ, आणि हुकूम कुठला होता हे विसरलं की जोडीदार वैतागतो. म्हणून पुठ्ठ्यावर बदाम, इस्पिक, चौकट, किलवर मोठाले काढलेत. जो हुकूम असेल तो टेबलावर उभा करायचा. तो सगळ्यांसाठीच, त्यामुळे तो नेमका कुणासाठी आहे हे विचारायचं कुणाला सुचत नाही. जोड्याही ठरल्या आहेत. बँकेतले काका आणि पानशेतच्या काकू एका जोडीत चालणार नाहीत. हे वहीत लाल पेनने लिहून ठेवलंय, म्हणजे मी रजेवर असले तरी त्या फील्डवर्कच्या मुलीला कळेल.