रानडुकराला ‘मोठी गोळी’च लागते का?

अणदूर-नळदुर्ग पट्ट्यात रानडुकरांनी एखाद्याचं रान रात्रीतून लोळवलं, की दुसऱ्या दिवशी पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : “बाराबोअरनं काय होतंय? मोठ्या बोअरची रायफल पाहिजे. एका गोळीत डुक्कर दहा फूट उडालं पाहिजे!” पिकाचं नुकसान खरं आहे, संतापही रास्त आहे. पण गोळीबद्दलचं हे ज्ञान सिनेमातून आलेलं आहे आणि ते साफ चूक आहे.

गैरसमज : गोळी जितकी मोठी, तितकं जनावर जागेवर आडवं.

वस्तुस्थिती : न्यूटनचा तिसरा नियम आपण सगळ्यांनी शाळेत घोकला आहे. गोळी पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जाते, किमान तेवढाच उलटा बंदूकवाल्याच्या खांद्यावर येतो. डुक्कर उडणार असेल, तर चाप ओढणाराही उडायला हवा. तो उडत नाही.

आकडेच मांडू. .३०-०६ हे मोठ्या शिकारीसाठी जगभर वापरलं जाणारं काडतूस. त्यातली १८० ग्रेनची, म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते. ८० किलोच्या डुकराच्या अंगात ती पूर्ण थांबली, तरी डुकराला मिळणारा वेग सेकंदाला फक्त १२ सेंटिमीटर. बरं, साहेबाच्या काळातली हत्तीसाठीची .४७० नायट्रो एक्सप्रेस घ्या. ५०० ग्रेनची गोळी, वेग सुमारे ६५५ मीटर. उत्तर येतं सेकंदाला २६ सेंटिमीटर. आपण रमतगमत चालतो तेव्हाही याच्या चौपट वेगाने चालतो. अमेरिकेच्या एफबीआयने १९८९ मध्ये पिस्तुलांच्या गोळ्यांबद्दल हेच लिहून ठेवलं : गोळीचा शरीराला बसणारा धक्का हा बंदुकीच्या झटक्यापेक्षा जास्त नसतो.

मग जनावर मरतं कशाने? मेंदूवर किंवा मणक्यावर गोळी बसली तरच ते जागीच कोसळतं. बाकी मरण येतं ते काळीज आणि फुफ्फुसं फाटून होणाऱ्या रक्तस्रावाने. रक्त थांबल्यावरही मेंदूत दहा-पंधरा सेकंदांपुरता प्राणवायू असतो, म्हणून काळजात गोळी लागलेलं जनावरही शंभर मीटर पळू शकतं. पोटात बसलेली गोळी कितीही मोठी असो, जनावर उसात शिरून तासन्‌तास तडफडतं आणि जवळ जाणाऱ्यावर उलटतं.

म्हणजे प्रश्न दोनच : गोळी कुठे लागली आणि आत किती खोल गेली. डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या ‘लहान’ रायफलने. त्याने हत्तींच्या कवट्या करवतीने उभ्या चिरून मेंदूची नेमकी जागा अभ्यासली होती. त्याची कत्तल कौतुकाची नाही, पण ‘मोठ्या बोअर’च्या दंतकथेला तिने कायमचं उत्तर दिलं आहे. जर्मनीचा शिकार कायदा रानडुकरासाठी किमान ६.५ मिलिमीटर व्यासाची आणि १०० मीटरवर किमान २,००० ज्यूल ऊर्जा असलेली गोळी मागतो, यापेक्षा जास्त नाही. उलट बंदूक जितकी दणकट, तितका झटका मोठा. त्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटतात आणि नेम जातो.

गैरसमज : वजनदार गोळी म्हणजे चांगली गोळी.

वस्तुस्थिती : अर्धंच खरं. एकाच व्यासाच्या गोळ्यांमध्ये जड गोळी लांब असते, त्यामुळे सहसा खोल जाते. हलकी गोळी वेगाने जाते आणि लवकर फुटते. पण वजनाइतकीच तिची बनावटही महत्त्वाची. पूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी गोळी आरपार निघून बारीक भोक पाडते. शिकारीला मऊ टोकाची, आत गेल्यावर पसरणारी गोळी लागते. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात बंदी घातली ती याच जातीच्या गोळीवर. ‘लष्कराची तीच जबर’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. आणि आपल्याकडे परवान्यावर सर्रास दिसणाऱ्या ईशापूरच्या .३१५ रायफलची गोळी २४४ ग्रेनची असते, वरच्या .३०-०६ च्या गोळीपेक्षा जड. आणखी ‘मोठी’ हवी कशाला?

आता फुटकळ गैरसमज, एकेका ओळीत :

- “गोळी आधी वर चढते.” नाही. सुटल्या क्षणापासून ती पडू लागते, १०० मीटरवर सात-आठ सेंटिमीटर. नळीच किंचित वर रोखलेली असते.
- “जाड गोळी ताटं कापत सरळ जाते.” उसाच्या ताटाला घासली की कुठलीही गोळी वळते.
- “ठासणीत दारू जास्त, तर मार जास्त.” नळी फुटते आणि हाताची बोटं जातात.
- “चुकली तर मातीत जाईल.” रायफलची गोळी तीन-चार किलोमीटर जाऊ शकते. आपल्या सपाट रानात तिला अडवायला डोंगर नाही, पलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या आहेत. युरोपात उंच मचाणावरून गोळी झाडतात ती याचसाठी, की चुकली तर जमिनीत रुतावी.

राहिला शेवटचा आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज : “बंदुकीचा परवाना आहे, म्हणजे डुक्कर मारायला मोकळीक आहे.” अजिबात नाही. शस्त्र परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळतो. शिकारीवर बंदी आहे ती १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ९ ची. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल, तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसेल तर गुन्हा, मग बोअर कुठलाही असो. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. पीक खाल्लं या कारणावर त्यांना मारण्याची परवानगी कायद्यात नाहीच. आणि कुंपणात वीज सोडणं किंवा गावठी बॉम्ब पेरणं हा तर डुकराआधी शेजाऱ्याचा जीव घेणारा उद्योग आहे.

तेव्हा पीक लोळवलं गेलं, तर बोअरची चर्चा पारावरच सोडा. फोटो काढा, वनविभागाकडे लगेच अर्ज द्या, पंचनामा करून घ्या आणि भरपाई मागा. उपद्रव हाताबाहेर गेला असेल, तर कलम ११ च्या परवानगीसाठी लेखी मागणी करा, गावाने मिळून केली तर उत्तम. काडतुसाचा प्रश्न त्या कागदानंतर येतो, त्याआधी नाही.