सगळ्या गावाच्या मालकीचा पब

ब्रिटनमध्ये एक अजब शेअर मिळतो. तो कुठल्याही बाजारात विकता येत नाही आणि त्याची किंमत कधीच वाढत नाही. आज शंभर पौंड घातले तर दहा वर्षांनी परत मिळतील ते शंभरच. धंदा बुडाला तर तेही गेले. शिवाय जास्त पैसे घातले म्हणून जास्त मतं मिळत नाहीत. शंभरवाल्याला एक मत, दहा हजारवाल्यालाही एकच.

असला कागद कोण विकत घेईल? पण २०२१ साली वेल्सच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या लानदूरोग या छोट्याशा गावात असे शेअर विक्रीला निघाले, आणि हजारावर लोकांनी ते घेतले. चार लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. ती होती गावातला बंद पडलेला पब विकत घेण्यासाठी.

ही गोष्ट कळल्यापासून मला तिचं नवल वाटत आलं आहे. आपल्याकडे दोन सख्ख्या भावांत एक दुकान धड चालत नाही, भागीदारी म्हटलं की आधी भांडणाची आठवण येते. मग जो धंदा एका मालकाला झेपला नाही, तो शेकडो मालकांना कसा झेपतो? आणि तरीही झेपतो खरा. गावाच्या मालकीचे असे दीडशेहून अधिक पब आज ब्रिटनमध्ये सुरू आहेत, आणि असे पब पुन्हा बंद पडल्याची उदाहरणं फारच थोडी.

याचं उत्तर हवं असेल तर मुळात पब मरतो कशानं, ते बघायला हवं. १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ६०,००० हून अधिक पब होते, आता ते ४५,००० च्या आसपास उरले आहेत. सुपरमार्केटमध्ये बिअर स्वस्त झाली, २००७ मध्ये इंग्लंडात बंद जागेत सिगारेट ओढायला बंदी आली, गाडी चालवून घरी जाणारे लोक कमी पिऊ लागले. ही सगळी कारणं खरीच आहेत. पण गावातल्या पबला आणखी एक दुखणं असतं, आणि ते गल्ल्यात शोधून सापडत नाही. ते भिंतींत असतं.

जुनी दगडी वास्तू, मोठी खोली, वर राहायला जागा, मागे अंगण, समोर गाड्या लावायला मोकळी जागा. अशा वास्तूचं घर केलं, किंवा ती पाडून चार घरं बांधली, तर पबचा धंदा म्हणून येईल त्याहून कितीतरी जास्त किंमत येते. म्हणजे रोजचं गिऱ्हाईक आहे, गल्ल्यात पैसेही पडताहेत, आणि तरी पब बंद होतो, कारण मालकाला तो चालवण्यापेक्षा विकणं परवडतं. त्यात बरेच पब चालवणाऱ्याच्या मालकीचे नसतातच. १९८९ मध्ये सरकारनं बिअर बनवणाऱ्या बड्या कंपन्यांच्या हातातल्या पबांवर मर्यादा घातली. मक्तेदारी मोडावी हा हेतू होता. प्रत्यक्षात ते पब गेले नव्या कंपन्यांकडे, ज्यांचा मुख्य धंदा पबांच्या इमारती बाळगण्याचा होता. चालवणाऱ्यानं कंपनीला भाडं द्यायचं आणि बहुतेक वेळा बिअरही तिच्याकडूनच, ती सांगेल त्या भावानं घ्यायची.

आता तो न वाढणारा शेअर पुन्हा बघा. वास्तूची किंमत दुप्पट झाली, तरी सभासदाच्या शंभर पौंडांचे शंभरच राहतात. म्हणजे पब विकून टाकण्यात एकाही मालकाचा फायदा नाही. पब ज्या मोहानं मरतो तो मोहच मालकीतून काढून टाकलेला आहे! त्यावर आणखी एक कुलूप घालता येतं: पबची मालक असलेली संस्था गुंडाळायची वेळ आलीच, तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटायची नाही, ती तशाच लोकहिताच्या दुसऱ्या संस्थेकडे गेली पाहिजे. कागदावर कोरडी वाटणारी ही कलमं मला अतिशय सुंदर वाटतात.

ही काही आजची कल्पना नाही. १८४४ मध्ये मँचेस्टरजवळच्या रॉचडेल या गिरणगावात २८ जणांनी, त्यांत विणकर बरेच, एकेक पौंड जमवून एक दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, ओटचं भरड आणि मेणबत्त्या, एवढाच माल. पण नियम असा, की एका सभासदाला एकच मत. १८५२ मध्ये अशा संस्थांसाठी कायदा झाला आणि आज गावचे पब ज्या कायद्याखाली नोंदले जातात तो २०१४ चा कायदा त्याचाच वंशज आहे. सहकाराच्या याच कल्पनेची एक फांदी १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यातून हिंदुस्थानात आली आणि पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यापर्यंत पोचली. साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत हात वर केलेल्या माणसाला लानदूरोगच्या सभेत फार परकं वाटणार नाही. फरक एवढाच, की कारखान्याचा सभासद ऊस घालतो, म्हणजे तो विकणारा. पबचा सभासद बिअर घेतो, म्हणजे तो गिऱ्हाईक. आपल्या पबला तोटा होतोय असं कळलं की त्यावर त्याच्या हातात एक अगदी सोपा उपाय असतो: शुक्रवारी संध्याकाळी तिथे जेवायला जायचं.

पैसे जमवायला मात्र वेळ लागतो, आणि बिल्डरकडे ते तयार असतात. म्हणून इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्यानं गावाला थोडी सवड दिली. एखादी वास्तू समाजाच्या उपयोगाची आहे अशी नोंद स्थानिक परिषदेकडे करून घेता येते. मग मालकानं ती विकायला काढली, की गावाकडे सहा आठवडे असतात, आम्हालाही घ्यायची आहे असं कळवायला. तसं कळवलं, तर एकूण सहा महिने मालकाला ती दुसऱ्या कुणाला सहसा विकता येत नाही. गावालाच विक अशी सक्ती त्याच्यावर नाही. सहा महिने सरले की तो मोकळा. पण तेवढी मुदत पुष्कळदा पुरते. देशात अशी नोंद झालेला पहिला पब म्हणजे लंडनच्या नन्हेड भागातला ‘आयव्ही हाउस’. तिथल्या ३७१ जणांनी शेअर घेतले, बाकीचा पैसा कर्ज आणि अनुदानातून आला, आणि २०१३ मध्ये पब पुन्हा उघडला.

इथपर्यंत वाचताना मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असणारच, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे गावातल्या बायका एकत्र येऊन दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान घडवतात. ‘उभी बाटली की आडवी बाटली’, आणि आडवी जिंकली की गावात गुलाल उधळला जातो. त्या बायकांनी घरात काय सोसलेलं असतं, ते मी हलकं करून सांगणार नाही. ब्रिटनमध्येही दारूनं घरं उद्ध्वस्त होतात. मग तिथलं गाव पब वाचवायला का धावतं?

कारण दुकान गेलं, पोस्ट गेलं, शाळा गेली, बस कमी झाली, की अनेक खेड्यांत संध्याकाळी दिवा लागलेली एकच सार्वजनिक खोली उरते, आणि ती पबची असते. तिथे आजोबा लिंबाचं सरबत घेऊन बसतात, मुलांना जेवायला नेतात, मयतानंतर माणसं जमतात ती तिथेच. डर्बीशरमधल्या बॅमफर्डच्या ‘अँगलर्स रेस्ट’ या पबमध्ये गावाचं पोस्टही आहे आणि कॅफेही. ब्रायटनच्या कडेला, बेव्हेनडीन या कष्टकऱ्यांच्या वसाहतीत तर गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथला जुना पब इतका बदनाम झाला होता, की पोलिसांच्या पुढाकारानं २०१० मध्ये तो बंद झाला. म्हणजे बाटली आडवीच झाली. आणि मग त्याच वसाहतीतल्या लोकांनी शेअर काढून २०१४ मध्ये तो पुन्हा उघडला, आपल्या अटींवर. आता तो ‘बेव्ही’ म्हणून ओळखला जातो, त्याचे मालक सातशेहून अधिक आहेत, आणि वयस्कर शेजाऱ्यांसाठी तिथे दुपारच्या जेवणाचा बेत होतो.

मालकी गावाची झाली, पण बिअर ओतायची कुणी? काही पब जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवकांवर चाललेत. वेल्समधल्या लानआर्मन-अन-याल या गावचा ‘रेव्हन इन’ हे गाजलेलं उदाहरण. पण बहुतेक गावं शेवटी एक अनुभवी माणूस नेमतात किंवा पब भाडेकरूला चालवायला देतात, आणि मला तेच शहाणपणाचं वाटतं. पहिल्या वर्षाचा उत्साह तिसऱ्या वर्षीच्या जानेवारीत, बाहेर गारठा असताना रात्री अकरा वाजता ग्लास धुवायला पुरत नाही. शिवाय कायदाही आहे: दारू विकण्याचा परवाना असलेली एक जबाबदार व्यक्ती नावानिशी नेमावीच लागते, अशा परवानाधारकाच्या परवानगीशिवाय कुणा स्वयंसेवकाला बिअर विकता येत नाही. स्वयंसेवकाला मोबदला म्हणून ठरावीक बिअर फुकट देणंही जपून करावं लागतं, कारण कायद्याच्या नजरेत तो पगार ठरू शकतो. म्हणून स्वयंसेवक जातात रंगकामाला, बागेत, हिशेबाच्या वह्यांवर, पुस्तकांच्या कपाटापाशी. आणि तीनशे मालकांनी रोज उठून चालकाला स्वयंपाक शिकवायचा नाही, हा अलिखित नियम पाळायला हवा. त्यासाठी निवडून दिलेली समिती असते. बोलायचं ते तिच्याशी.

चालकाचं खरं कसब मात्र तळघरात दिसतं. तिथल्या पारंपरिक बिअरमध्ये यीस्ट जिवंत असतं, ती पिंपातच शेवटची आंबते. पिंप आडवं ठेवून वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी बसवतात, म्हणजे आतला वायू हळूहळू सुटतो; तो पुरेसा गेला की कठीण लाकडाची खुंटी ठोकून उरलेला कोंडून ठेवतात. गाळ तळाशी बसेपर्यंत एकदोन दिवस पिंपाला हातही लावायचा नाही. तळघर ११ ते १३ अंशांवर हवं. त्याहून गार झालं तर बिअर गढूळते आणि बेचव लागते, उष्ण झालं तर लवकर बिघडते. आणि पहिला पाइंट, म्हणजे मोठा ग्लास, काढला, की पिंपात हवा शिरते आणि घड्याळ सुरू होतं: साधारण तीन दिवस, मग चव उतरू लागते.

एका नेहमीच्या पिंपात ७२ पाइंट असतात. तीन दिवसांत ७२, म्हणजे एका पिंपामागे रोज २४. काउंटरवर चार प्रकारच्या बिअरचे हातपंप हवे असतील तर रोज ९६ पाइंट खपले पाहिजेत, नाहीतर चांगली बिअर मोरीत ओतावी लागते. मला सगळ्यात थक्क करतं ते हे, की गावात किती माणसं आहेत, त्यातली किती येतात, आजूबाजूच्या वाटांवरून चालणारे किती थांबतात, यावर पंप किती ठेवायचे ते ठरतं. फार पंप ठेवले तर बिअर शिळी, बिअर शिळी म्हणून माणसं कमी, माणसं कमी म्हणून ती आणखी शिळी. हे चक्र उलटं फिरवायला शेकडो मालक कामी येतात, कारण ते स्वतः येतात आणि पाहुण्यांनाही घेऊन येतात.

उत्तर यॉर्कशरमधल्या हडस्वेल या साडेतीनशे वस्तीच्या गावातला ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ हा एकुलता एक पब २००८ मध्ये बंद पडला. २०१० मध्ये गावानं तो विकत घेऊन उघडला आणि चालवायला भाडेकरू ठेवला. आत छोटं वाचनालय झालं, स्वयंसेवकांनी चालवलेलं चिमुकलं दुकान झालं, मागच्या जमिनीत गावकऱ्यांना भाजीचे वाफे मिळाले. कॅमरा ही १९७१ मध्ये सुरू झालेली बिअर पिणाऱ्यांची चळवळ दरवर्षी देशातला सर्वोत्तम पब निवडते, आणि निवडताना तळघरातल्या त्या जिवंत बिअरची प्रत आधी बघते. २०१६ चा तो मान हडस्वेलला मिळाला.