गुलामगिरीचा धडा : नगरच्या वाटेने एक मागोवा

गुलामगिरीचा इतिहास मराठी मुलांना शिकवताना सुरुवात अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांपासूनच करावी लागते असे नाही. ती अहमदनगरपासून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपासूनही करता येते. सोळाव्या शतकात आफ्रिकेतून पकडून विकलेली अनेक माणसे निजामशाहीच्या चाकरीत होती. त्यांना हबशी म्हणत. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा असाच पकडला गेला आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलामही होता. तो वारल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला, त्यानंतर याच मलिक अंबरने १६२६ पर्यंत, मरेपर्यंत, निजामशाही तगवून धरली.

नगरच्या आग्नेयेला काही कोसांवर भातोडी गाव आहे. इतिहासातली भातवडी ती हीच. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या, तेव्हा अंबरने तलावाचा बांध फोडून पाणी सोडले. चिखलात रुतलेल्या छावणीची रसद तुटली आणि त्यावर रात्रीचे छापे पडू लागले. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले. वर्गात ही लढाई शहाजीराजांच्या पराक्रमाच्या ओघात येते, आणि तो पराक्रम खराच आहे. पण त्या फौजेचा सूत्रधार लहानपणी विकला गेलेला माणूस होता, हे फारसे सांगितले जात नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीचेही तसेच. तो शत्रू म्हणून ठाऊक असतो, त्याचे पूर्वज आफ्रिकेतून आले हे मात्र मागे राहते; आणि सिद्दी हिलाल शिवाजी महाराजांच्या बाजूने लढला हेही.

आपल्या समाजातल्या गुलामीबद्दल शाळा त्याहून कमी बोलते. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, त्यांच्या किमती कागदोपत्री लिहिल्या जात. १८४३ च्या कायद्याने गुलामीची मालकी न्यायालयांत अमान्य ठरली. पाठ्यपुस्तकासाठी ही माहिती अवघड वाटते खरी, पण ती टाळली की गुलामगिरी म्हणजे दुसऱ्या देशातली गोष्ट, असा मुलांचा समज होतो.

या विषयाचा शाळेशी थेट संबंध आला तोही नगरमधूनच. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे काम सुरू केले. सिंथिया फॅरार १८३९ पासून नगरला मुलींना शिकवत होत्या. त्यांची शाळा पाहून आपल्याला मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे जोतीराव फुले यांनी सांगितले आहे. पुण्यातली त्यांची शाळा १८४८ मध्ये निघाली. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ज्ञानोदय या पत्राने तो छापला. हे पत्र १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे हाल तिने त्यात मांडले. पीडितांचा इतिहास पीडितांच्याच मुलीने शाळेत बसून लिहिला, हे या सगळ्या मागोव्यातले सर्वांत मोलाचे पान आहे.

१८७३ मध्ये फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली. तिकडे घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. दोन खंडांतल्या दुःखांची अशी सांगड घालणे हे धाडस होते. मात्र शिक्षकाने साम्याबरोबर फरकही सांगायला हवा. चंगीझखानाच्या विधवेने सोडले आणि अंबर मोकळा झाला. अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला सोडणारा मालकच नव्हता, त्याची जात जन्माने लागलेली होती. ही सांगड पुढेही टिकली. १९७२ च्या दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, आणि अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले.

गुलाम हा शब्द मुलांना बहुधा पहिल्यांदा पत्त्यांत भेटतो, राणीच्या खाली आणि दश्शीच्या वर. शिक्षकाला तिथूनही सुरुवात करता येईल. हा शब्द कोणाला लावला गेला, त्या माणसाचे मूळ नाव काय होते, त्याला कोणी विकले, असे विचारत जावे. चौथीत चापूची गोष्ट पुरेशी आहे. भातोडीला सहल नेता येते. कुणबिणींचे कागद आणि ‘गुलामगिरी’ माध्यमिक वर्गांसाठी ठेवावेत, आणि मुक्ताचा निबंध आठवीत मुलांनी मोठ्याने वाचावा. तो लिहिला तेव्हा ती त्यांच्याच वयाची, चौदा वर्षांची होती.