गळाचं वजन आणि तळाचा दगड

गळ टाकणाऱ्याचं सगळं लक्ष आमिषावर असतं. गांडूळ ताजं हवं, कणीक घट्ट मळलेली हवी. तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, वजन कोणतं बांधायचं, हे मात्र हाताला लागेल त्यावर ठरतं. गाळाच्या तळ्यात हे खपून जातं; भूम तालुक्यात खपत नाही. बाणगंगा, रामगंगा, आरसोळी ही इथली धरणं बालाघाटाच्या परिसरात, काळ्या पाषाणाच्या मुलखात आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा दगड. पाण्याखाली कुठं सलग कातळ, कुठं मुरूम, कुठं बुडालेल्या शेतांचे दगडी बांध. अशा ठिकाणी मासा लागायच्या आधी वजनच अडकतं.

तरीही गळ तिथंच टाकावा लागतो, कारण वाम कपारीत राहते, शिंगटा तळ धरून फिरतो आणि मरळ काठालगतच्या आडोशाला दबा धरून बसते. अमेरिकेतला बास हा शिकारी मासाही असाच दगडांच्या आसऱ्यानं राहतो. त्याच्यामागे लागलेल्या तिथल्या हौशी मासेमारांनी वजनांचा बारकाईनं विचार केला आहे. मासा वेगळा असला तरी दगड सगळीकडे सारखाच छळतो, म्हणून त्यातलं बरंच काही आपल्याही कामाचं आहे.

पहिला नियम वजनाचा. तळ लागल्याचं बोटाला कळेल इतकंच वजन बांधावं, त्याहून जास्त नको. जड वजन फटीत खोलवर जाऊन बसतं, हलकं दगडावरून उड्या मारत येतं. पाणी दहा फुटांपर्यंत असेल तर 5 ते 7 ग्रॅम पुरतात, वीस फुटांपर्यंत 10 ते 14 ग्रॅम. वारा सुटला आणि तंगुसाला झोळ पडायला लागला, की एक पायरी वर जावं. वारा पडला की पुन्हा खाली यावं.

दुसरा विचार आकाराचा. धरणाच्या भिंतीला पाण्याच्या बाजूनं दगडी पिचिंग असतं. त्यातल्या दोन दगडांमधली फट वर रुंद आणि खाली निमुळती असते. गोल गोळी घरंगळत थेट तिच्या तळाशी जाते आणि वर ओढली की पाचरीसारखी आवळते. चपटं वजन घरंगळत नाही, पण आडवं होऊन अडतं. टोकाकडे निमुळतं, मधून तंगूस ओवलेलं वजन टोक पुढं करून येतं, त्यामुळं दगडाला टेकलं तरी सरकून निघतं. पिचिंगसारख्या उभ्या फटींत सगळ्यांत कमी अडकते ती पेन्सिलीसारखी लांब, बारीक कांडी. ती तंगुसाच्या अगदी शेवटी बांधायची आणि गळ तिच्या वर वीतभर अंतरावर ठेवायचा. कांडी दगडाला लागते, गळ मोकळा राहतो.

तिसरा प्रश्न धातूचा. शिसं स्वस्त आहे, 327 अंशांना वितळतं, म्हणून कुठंही ओतता येतं. पण ते मऊ आहे. दगडावर आपटून त्याच्या भोकाची कड दुमडते आणि तीच कड तंगूस कापते. टंगस्टन शिशाच्या साधारण 1.7 पट घन, त्यामुळं तेवढ्याच वजनाला आकार लहान. ते कठीण असल्यानं तळाचा दगड कोणता, मुरूम कोणता, हे काठीवरच्या हाताला स्पष्ट कळतं. पण ते महाग आहे, आणि इथं वजन हरवणं रोजचंच.

मग उरतो तो काठावरचा खडा. पाण्यात प्रत्येक वस्तू तिनं बाजूला सारलेल्या पाण्याइतकी हलकी होते. 15 ग्रॅम शिसं पाण्यात पावणेचौदा ग्रॅमांइतकं भरतं. तेवढाच भार मिळवायला काळा दगड साधारण 21 ग्रॅमांचा लागतो आणि तो आकारानं साधारण साडेपाचपट मोठा होतो. तोटा वाटतो खरा, पण मोठा खडा बारीक फटीत शिरतच नाही. लांबट, मधे जरा खाच असलेला खडा निवडावा आणि तो तंगुसानं न बांधता शिवणाच्या कच्च्या दोऱ्यानं बांधावा. अडकला तर दोरा तुटतो, खडा पाण्यात राहतो. गळ आणि गळाला लागलेला मासा हाती येतो. वजन गमावण्याची तयारी आधीच करून ठेवणं, हेच खडकाळ तळाचं मर्म आहे.

अडकलंच तर हिसका देऊ नये. तंगूस सैल सोडावा, काठानं चालत दुसऱ्या बाजूला जावं आणि ज्या दिशेनं वजन आत गेलं त्याच्या उलट ओढावं. तोडायची वेळ आली तर तंगूस हाताला न गुंडाळता लाकडाला गुंडाळावा. सुटल्यावर शेवटचा हातभर तंगूस नखाखालून ओढून पाहावा. खरखर लागली की तेवढा कापून टाकावा.

या दुष्काळी मुलखात एक सोय मात्र आहे. मे महिन्यात पाणी आटतं आणि दिवाळीत दिसत नाही तो तळ उघडा पडतो. तेव्हा तो चालून पाहावा. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून जिथं गाळ उपसला गेला, तिथं खालचा मुरूम आणि कातळ वर येतो. तळ बदलतो, जुने अंदाज चुकतात. बांध, खड्डे, बाभळीचे बुंधे काठावरच्या ठळक खुणांशी जुळवून वहीत टिपून ठेवावेत.

त्याच फेरीत दगडांत अडकलेलं शिसं सापडलं तर वेचून आणावं. शिसं विषारी आहे. खडे गिळून अन्न दळणारे पाणपक्षी ते खडा समजून गिळतात. हंस मरू लागल्यावर इंग्लंडनं 1987 मध्ये शिशाच्या लहान वजनांवर बंदी घातली. आपल्या धरणांवर दिवाळीच्या सुमारास चक्रवाक आणि बदकं येतात, आणि उन्हाळ्यात इथला गाळ शेतात जातो. म्हणून शिशाची गोळी दातानं दाबू नये, घरात शिसं वितळवू नये. आणि खडा चालत असताना शिसं बांधूच नये.

धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. गळ टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्यावी आणि तळाविषयी त्यांनाच विचारावं. रोज जाळं ओढणाऱ्याला कुठला दगड जाळं फाडतो हे पक्कं ठाऊक असतं. त्या माहितीपुढं दुकानातलं कोणतंही महागडं वजन कमीच पडेल.