उभ्या ट्रॅक्टरची निगा

घटस्थापनेच्या दिवशी, 22 सप्टेंबर 2025 रोजी, ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. टायर आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा तर 18 वरून थेट 5 वर. पुणे जिल्ह्यातल्या मावळात, सोमाटणे फाट्यापासून पवन मावळापर्यंत, भाताची खाचरं लहान, बांध अरुंद. इथे मिनी ट्रॅक्टरच सोयीचा. स्वस्त झाला हे उत्तमच. पण मावळात ट्रॅक्टर कामाने जितका झिजतो त्याहून जास्त उभा राहून खराब होतो, हे खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही.

थंड देशांत ट्रॅक्टर हिवाळ्यात झाकून ठेवतात. तिथे धास्ती रेडिएटरमधलं पाणी गोठण्याची. आपल्याकडे धास्ती ओलीची. चिखलणी उरकली, इंद्रायणी भाताची लावणी झाली की यंत्र पत्र्याखाली जातं ते थेट भातकापणीपर्यंत. ऐन पावसाचे महिने ते जागचं हलत नाही.

पहिला फटका क्लचला. चिखलणीत आत शिरलेली ओल तशीच राहते आणि क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. मग इंजिन सुरू होतं, पण पेडल दाबूनही गिअर पडत नाही, नुसता खरखरतो. पुष्कळदा इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करण्यावाचून इलाज उरत नाही. ऐन कापणीत मेस्त्रींची वाट पाहायची आणि मजुरी वेगळी. हे टाळायला लागतो एक लाकडी ठोकळा. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये उभा करायचा, चाकांना उटी लावायची आणि क्लचचं पेडल पूर्ण दाबून ठोकळ्याने अडकवून ठेवायचं. काही ट्रॅक्टरना त्यासाठी आकडाच दिलेला असतो. तो वापरणारे फार थोडे.

आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करून बंद करायची पद्धत मला मुळीच पटत नाही. इंजिन तापत नाही, डिझेल जळून झालेली वाफ आतच थंडावते आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं. स्टार्टरने खाल्लेली बॅटरीही तेवढ्यात भरत नाही. चालू करायचाच तर अर्धा तास फिरवा, नाहीतर राहू द्या.

बाकीची कामं एका दुपारची. ऑइल साठवणीआधीच बदला, कारण जुन्या ऑइलमधलं आम्ल धातू खातं. टाकी काठोकाठ भरा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. चिखल धुऊन, वाळवून मग प्रत्येक निपलला नवं ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस भरा. लिफ्ट खाली सोडा, सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. उंदीर येऊ नयेत म्हणून गवताचे भारे शेडपासून लांब ठेवा.

कापणी तोंडावर आली की यंत्र पुन्हा लागतं. ट्रॅक्टर बाहेर काढताना आधी सायलेन्सरवरचा डबा काढा, डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडा, टायरची हवा आणि ब्रेक तपासा, मगच चावी फिरवा. आणि फिल्टरही तेव्हाच बदलून घ्या.