सेल्टिक्स आणि लेकर्स : एका क्रीडास्पर्धेचा सामाजिक अन्वयार्थ

प्रस्तावना :
अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (एनबीए) या व्यावसायिक संघटनेच्या इतिहासात बॉस्टन सेल्टिक्स व लेकर्स या दोन संघांमधील चुरस विशेष गाजली. १९५९ ते २०१० या काळात हे संघ अंतिम फेरीत १२ वेळा परस्परांसमोर आले; त्यांपैकी ९ वेळा सेल्टिक्सने, तर ३ वेळा लेकर्सने विजेतेपद मिळविले. या चुरशीकडे 'गोऱ्यांचा संघ विरुद्ध कृष्णवर्णीयांचा संघ' या दृष्टीने पाहण्याची प्रथा १९८० च्या दशकात रूढ झाली. ही प्रतिमा वस्तुस्थितीशी कितपत जुळते, हे तपासणे उद्बोधक ठरते.

पहिला कालखंड (१९५९-१९६९) :
१९५९ मध्ये लेकर्सचे वास्तव्य मिनीॲपोलिस येथे होते. १९६० मध्ये हा संघ लॉस एंजेलिसला स्थलांतरित झाला. या कालखंडातील सातही अंतिम मालिका सेल्टिक्सने जिंकल्या. त्यांच्या यशाचा आधार बिल रसेल या कृष्णवर्णीय खेळाडूचा बचाव हा होता. सेल्टिक्सने १९५० मध्येच चक कूपर या कृष्णवर्णीय खेळाडूची निवड केली होती. १९६४ मध्ये त्यांनी आरंभीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय असलेला संघ मैदानात उतरविला, तर १९६६ मध्ये प्रशिक्षकपद रसेलकडे सोपविले. उलटपक्षी, या काळात लेकर्सच्या पराभवांची वेदना ज्याच्या नावाशी जोडली गेली, तो जेरी वेस्ट गोरा होता. १९६९ मध्ये पराभूत संघात असूनही अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा बहुमान त्याला मिळाला.

संघाचे धोरण उदार असले, तरी शहराची वृत्ती तशी होतीच असे नाही. बॉस्टन परिसरात रसेलला वंशद्वेषाला तोंड द्यावे लागले. १९७२ मध्ये त्याच्या क्रमांकाच्या निवृत्तीचा समारंभ त्याच्याच इच्छेनुसार प्रेक्षकांविना पार पडला.

दुसरा कालखंड (१९८४-१९८७) :
१९७४ मध्ये शाळांमधील वांशिक विभाजन संपविण्याच्या न्यायालयीन आदेशानंतर बॉस्टनमध्ये हिंसक विरोध झाला. त्यामुळे शहराची प्रतिमा डागाळली. १९७९ च्या महाविद्यालयीन अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या संघाने लॅरी बर्डच्या संघावर मात केली व त्याच वर्षी जॉन्सन लेकर्समध्ये, तर बर्ड सेल्टिक्समध्ये दाखल झाला. त्या काळी एनबीएची लोकप्रियता मर्यादित होती. १९८० च्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामनादेखील अमेरिकेच्या अनेक भागांत थेट न दाखविता रात्री उशिरा दाखविण्यात आला. अशा वेळी एक गोरा व एक कृष्णवर्णीय नायक, तसेच जुने औद्योगिक शहर व चित्रपटनगरी हा विरोधाभास दूरचित्रवाणीस सोयीचा ठरला.

तथापि, १९८४ मध्ये लेकर्सवर ४-३ असा विजय मिळविणाऱ्या 'गोऱ्या' सेल्टिक्सचे प्रशिक्षक के. सी. जोन्स हे कृष्णवर्णीय होते आणि निर्णायक सातव्या सामन्यात सेड्रिक मॅक्सवेल या कृष्णवर्णीय खेळाडूने २४ गुण मिळविले. 'कृष्णवर्णीय' लेकर्सचे प्रशिक्षक पॅट रायली मात्र गोरे होते. १९८५ मध्ये लेकर्सने बॉस्टनच्याच मैदानावर सेल्टिक्सविरुद्धची पहिली अंतिम मालिका जिंकली आणि १९८७ मध्ये त्या यशाची पुनरावृत्ती केली.

तिसरा कालखंड (२००८-२०१०) :
२००८ मध्ये सेल्टिक्स, तर २०१० मध्ये लेकर्स विजयी झाले. सेल्टिक्सचे गार्नेट, पिअर्स व ॲलन हे तिन्ही प्रमुख खेळाडू कृष्णवर्णीय होते. लेकर्सकडे कोबी ब्रायंटच्या जोडीला स्पेनचा पाऊ गॅसोल होता. साहजिकच वर्णभेदाची जुनी चौकट येथे गैरलागू ठरली.

निष्कर्ष :
संघाचा वर्ण ही त्याच्या इतिहासातून आपोआप सिद्ध होणारी गोष्ट नसून शहराची कीर्ती, प्रसारमाध्यमांची गरज व प्रेक्षकांचे पूर्वग्रह यांतून ती घडविली जाते. सेल्टिक्सचे उदाहरण याचे द्योतक होय. वर्णभेदाच्या भिंती सर्वप्रथम ओलांडणाऱ्या संघांपैकी एकाची ओळख दोनच दशकांत 'गोऱ्यांचा संघ' अशी व्हावी, हा विरोधाभास क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये. गुणफलक खेळाचा निकाल सांगतो. समाजाने त्या निकालातून काय वाचले, हे शोधण्यासाठी गुणफलकापलीकडे पाहावे लागते.